उजेडावर चालणारी फरशी

ये इकडं, भाऊसाहेब. असा जवळ बैस, दाराशी पाहुण्यासारखा उभा राहू नकोस. अरे, काय हे वागणं तुझं? पोस्टकार्ड टाकतोस, ‘मावशी, दिवाळी झाली की येतो, शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवा’ म्हणून लिहितोस, आणि मी चटणी कुटून बरणीत भरते तर तू नाहीसच. विहिरीवरची मोटर तुलाच चालू करायची होती का? घरात थोरला भाऊ होता, गडी होता. ओल्या हातानं स्टार्टरला शिवू नये हे तुला कुणी सांगायचं, एमेस्सी झालेल्याला? दवाखान्यात मी बल्ब बदलायला स्टुलावर चढले तर ‘मावशी, आधी पायात चप्पल घाला’ म्हणून ओरडणारा तूच ना? मग तुझी चप्पल कुठं होती रे त्या दिवशी?

तोंड फिरवू नकोस. तुझ्यावर रागावते ती वरवरची. खरा राग माझा माझ्यावर आहे, आणि तो कुठं ठेवावा ते कळत नाही. तू गेलास त्याला पंधरा दिवस झाले, घास उतरत नाही. तुझं काम फसलं ते माझ्यामुळं फसलं, भाऊसाहेब. तुला ते कळलं नाही. तू स्वतःलाच दोष देत गेलास. मी सांगणार होते. तू दिवाळीनंतर येशील तेव्हा पहिलं तेच सांगणार होते. आता कुणाला सांगू?

म्हणून लिहिते. मी शाळा पाहिली नाही हे तुला माहीत आहे. दवाखान्याच्या भिंतीवरचे तक्ते आणि मीठ-मिरची बांधून आलेले पेपर, एवढीच माझी शाळा. तू म्हणायचास, ‘मावशी, तुम्ही बोलता तसंच लिहा, ऱ्हस्व-दीर्घाला घाबरू नका.’ बोलते तसं नाही जमत, पेपरात वाचलं तसं लिहिते.

तू पहिल्यांदा आलास ते भांडायला आलास असं मला वाटलं होतं. तुझ्या बहिणीचं बाळंतपण आमच्या दवाखान्यातच झालेलं, भिंगारात. पोरगी झाली, वजनदार, केस भरपूर. मीच पुसून तिला ओट्यावर ठेवली होती. घरी गेल्यावर तिची बेंबी पिकली, ताप भरला आणि नवव्या दिवशी पोर गेली. कुठनं आलं ते विष, घरातनं की दवाखान्यातनं, कुणाला कळलं नाही. महिनाभरानं तू सायकल भिंतीला लावून आत आलास आणि मी मनात म्हटलं, आता हा आवाज चढवणार. तू विचारलंस, “मावशी, बाळाला पहिल्यांदा कुठं ठेवलं होतं?”

मी ओटा दाखवला, खिडकीखालचा. तू नुसता तळहात फिरवलास त्यावर.

“स्वच्छ दिसतोय.”

“दिसतोय म्हंजी? सोच्छच हाय. दिसातनं दोनदा फिनाइलनं पुसती म्या.”

“मी दिसतोय म्हणालो, मावशी. तुमच्यावर बोट नाही ठेवलं.”

तेव्हा मला तुझा राग आला होता. आज तेच वाक्य आठवलं की वाटतं, किती जपून बोललास रे. बहिणीच्या घरात रडारड चालू असताना तू एका ओट्याजवळ उभा राहून विचार करत होतास की पुढच्या बाळाचं काय.

मग तू नगरच्या कॉलेजातल्या भट्टीत भाजून त्या पांढऱ्या फरश्या आणल्यास. बाथरूमला लावतात तसल्याच, पण अर्ध्यांवर तुझा थर. उन्हात धरलं की त्यावर दुधासारखी झाक दिसायची. ओट्याची डावी बाजू साध्या फरश्यांची, उजवी तुझ्या फरश्यांची, मधे पेन्सिलची रेघ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कर बाबा, खर्च मात्र तुझा.” गवंडीही तूच झालास. सिमेंट कमी आणि बोटं जास्त लावलीस.

मला समजावून सांगितलंस, तेही चहा पिताना, पायरीवर बसून. रंगाच्या डब्यात घालतात त्याच जातीची पूड आहे, जपानात कुणीतरी हे करून पाहिलंय, उन्हाचा उजेड पडला की ही पूड जागी होते आणि वर बसलेल्या जंतूला जाळते. फिनाइल वाळलं की त्याचं काम संपलं. हिचं संपत नाही. रोज उजेड आला की रोज कामाला लागते.

“म्हंजी बिनपगारी मावशीच की! मग मला काढत्यात का काय आता?”

“तुम्हाला कोण काढणार? ही फक्त जंतू मारते. तुम्ही बाळंतिणीच्या सासवांना गप्प करता. ते जपानला जमायचं नाही.”

किती हसले होते मी. तू नावाचाच साहेब. चपलेला अंगठा नाही, शर्टाचं वरचं बटण नाही, आणि बोलणं कसं, पोट धरून हसावं असं. माझ्या घरी येऊन चुलीपुढं बसून भाकरी खायचास. पहिल्या दिवशी मी मुद्दाम विचारलं होतं, “आमच्याकडचं चालंल ना रे? घरी काय म्हणतील?” तू म्हणालास, “भाकरी करपली तर घरी सांगीन.” बास, एवढंच. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही आपलं.

वाद मात्र दर गुरुवारी, तू ओटा तपासायला आलास की. तू चिडवायचास, “मावशी, तुम्ही देव मानत नाही. दिसत नाही म्हणून मानत नाही. मग जंतू कसे मानता? ते तरी कुठं दिसतात?” मी म्हणायची, “जंतूनं मारलेलं बाळ म्या हातात घेतलंय. देवानं तारलेलं दाखीव, मंग बोलू.” मग एका गुरुवारी तू ती काचेची ताटली घेऊन आलास, आत खिरीच्या सायीसारखं काहीतरी थिजलेलं आणि त्यावर पिवळे-पांढरे ठिपके. “घ्या, बघा. तुमच्या ओट्यावरचे पाहुणे.” आयुष्यभर जे मी फडक्यानं पुसत आले ते मला त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. भाऊसाहेब, चाळीस वर्षं या कामात काढली, कुणी मला काही दाखवावं असं कुणाला वाटलं नव्हतं. नुसतं ‘मावशी हे पूस, मावशी ते उचल.’ तू दाखवलंस. त्याबद्दल मी तुला एकदाही काही म्हटलं नाही. आता म्हणते. उपकार झाले बाबा तुझे.

आणि त्या उपकाराची फेड मी कशी केली ते ऐक.

तू मला सांगितलं होतंस, “हा थर नाजूक आहे, तारेच्या घासणीनं घासू नका. आणि खिडकीतनं उजेड येऊ द्या.” मला यातलं पहिलं पक्कं समजलं. नाजूक. किमती. भट्टीत भाजलेला, पोरानं पदरमोड करून लावलेला. आणि आमच्या त्या खोलीत बायका काय करतात तुला ठाऊक नाही, तू फक्त गुरुवारी सकाळी यायचास. कुणी गरम चहाचं पातेलं ओट्यावर टेकवतं, कुणी किल्ल्यांचा जुडगा आपटतं, कुणाची सासू पानाचा चुना पुसते. माझा जीव वरखाली व्हायचा. मग मी घरनं कापड आणलं. पांढरं मांजरपाट, चारी कोपऱ्यांना पोपट भरलेले, आमच्या टीव्हीवर घालायला केलं होतं. टीव्हीचं काढलं आणि तुझ्या फरश्यांवर घातलं. आमच्याकडं किमती वस्तू उघडी कोण ठेवतं? रेडिओ झाकलेला, शिवणयंत्र झाकलेलं, नवरीचं ताट झाकलेलं. बाळ ठेवायचं असलं की कापड काढायचं, बाळ उचललं की परत घालायचं. दोन्ही बाजूंवर, तुझ्या आणि साध्या, कारण कापड ओट्याएवढंच होतं.

आणि उजेडाचं म्हणशील, तर उजेड मी देत होते रे! दर रविवारी, गोधड्या वाळत घालते तशी, पडदा सारून तासभर ऊन दाखवायची. मला वाटायचं, गोधडीला एकदा ऊन दिलं की आठवडाभर पुरतं, घडी घालून ठेवली तरी ऊब आत राहते, तसंच हे. वरनं झाकलं म्हणजे आत घेतलेला उजेड टिकेल, अशी माझी समजूत. बाकी दिवस खिडकीला जाड पडदा. तो तर सोडच, तो बाळंतिणींच्या आयांनीच ओढून घेतलेला असायचा. “वारा लागंल लेकीला, लावा ती खिडकी.” मी कोण उघडणार?

गुरुवारी तुझ्या सायकलची घंटी गल्लीच्या तोंडाशी वाजली की मी धावत जायची. पडदा सारायची, कापड घडी करून कपाटात ठेवायची, ओट्यावरनं कोरडा हात फिरवायची. पाहुणा यायच्या आधी घर आवरावं तसं. तू आत यायचास आणि म्हणायचास, “वा मावशी, कसं लख्ख ठेवलंय.” मी खूश.

तुझ्या कापसाच्या काड्या, तुझ्या नळ्या. डावीकडनं एक काडी फिरवायचास, उजवीकडनं एक, आणि जंतू मोजायला कॉलेजात न्यायचास. आणि पुढच्या गुरुवारी तुझा चेहरा. “सारखेच आले, मावशी. डावीकडं जेवढे, उजवीकडं तेवढेच.” पहिल्यांदा म्हणालास, पूड कमी पडली असेल. मग म्हणालास, भट्टी कमी तापली असेल. एकदा फरश्या उखडून पुन्हा भाजून आणल्यास. मग थंडी गेली, ऊन चढलं, तुला वाटलं आता तरी. सारखेच. कॉलेजातले तुझे सर म्हणाले, ‘वाचलेलं सगळं आपल्याला जमतंच असं नाही.’ तू मला ते हसत सांगितलंस, पण चहा अर्धा टाकलास.

मी काय करत होते त्या सगळ्या महिन्यांत? तुला जेवायला वाढत होते. ‘हुईल रे, दम धर’ म्हणत होते. आणि तू गेलास की परत कापड घालत होते, आधीपेक्षा नीट, कोपरे ओढून ओढून. तुझं काम फसतंय म्हणून आणखी जपत होते, भाऊसाहेब.

शेवटचा तो गुरुवार. डॉक्टरीणबाई तुला म्हणाल्या, “भाऊसाहेब, पुरे आता. पुढचं बघ, नोकरी बघ.” वाईट बोलल्या नाहीत, तुझ्या भल्याचंच बोलल्या. तू येऊन पायरीवर बसलास. मी त्या दिवशी पोपटाचं कापड धुऊन अंगणात दोरीवर टाकलं होतं. ते तुझ्या डोळ्यांसमोर हलत होतं. तू स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालास, “दिवसभर एवढा उजेड मिळूनही होत नाही म्हणजे थरच मेलेला आहे, मावशी. माझ्या हातात ते नाही. अंधारात ठेवलं असतं तर समजलो असतो, अंधारात ती नुसती साधी फरशी. पण इथं तर खिडकी उघडी आहे.”

तिथं मला कळलं. तिथं, त्या पायरीवर, एका घटकेत. तोंड उघडलं मी, खरंच उघडलं होतं. आणि तू दोरीकडं बघत विचारलंस, “सुंदर आहे हो कापड. पोपट कुणी भरले?”

“म्याच.”

“नजर आहे तुमच्या हातात.”

एवढं बोलून तू उठलास. आणि मी बसून राहिले. का बोलले नाही? काम जाईल म्हणून? थोडं तेही असेल, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त म्हणजे तू माझ्याकडं बघायचास ना, ‘मावशी आपल्या बाजूची’ असं, ते बघणं जाईल याची भीती वाटली. म्हटलं, पुढल्या गुरुवारी. पुढल्या गुरुवारी तू आला नाहीस. तू गावाकडं गेलास, राहुरीकडं, शुगर फॅक्टरीच्या लॅबमधे लागलास असं कळलं. मग म्हटलं, कार्ड लिहावं. तीनदा लिहायला बसले. कार्डावर जागा केवढीशी, आणि पोस्टमन वाचणार, तुझी आई कुणाकडनं तरी वाचून घेणार. म्हटलं, समोरासमोर सांगू. तू येतोच आहेस दिवाळीनंतर.

दहाव्याला मी तुझ्या गावी आले होते. एसटीनं, दोन गाड्या बदलून. बायकांत मागं बसले. तुझ्या आईनं मला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. उठून आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “तुमीच का भिंगारच्या मावशी? लई नाव घ्यायचा वो तुमचं. म्हनायचा, माझं काम न्हाई झालं पन मावशीनं माझ्या फरश्या जिवापाड जपल्या.”

तिथंच धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मी सांगून टाकलं. तिथंच, तिचे हात हातात असताना. “जपल्या न्हाईत वो बाई. झाकल्या म्या. म्हनून त्याचं काम बुडलं. त्याचा काय बी दोष नव्हता.”

मग म्हणाली, “झाकल्या ते बरंच केलं की. पोराची वस्तू, उघडी कशी टाकायची?”

“न्हाई वो, त्याला उजेड लागत हुता…”

“व्हय व्हय,” म्हणाली, आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवायला लागली. ज्या बाईचा लेक गेला ती मला समजावत होती. तिला वाटलं मला दुःखानं भ्रम झालाय. मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा मान हलवली. तिच्या मागं कोनाड्यात तुझा फोटो होता, आणि फोटोवरही तिनं रुमाल घातला होता, धूळ बसू नये म्हणून. तिला काय समजावू? मी तिच्या जागी असते तर मला तरी समजलं असतं का?

येताना तिनं तुझी वही दिली. “तुमाला वाचता येतंय म्हनायचा. आमच्यात काय करायची?” सगळी इंग्रजीत, आकडे, खुणा, मला त्यातलं काय कळणार. फक्त शेवटच्या पानावर खाली दोन ओळी मराठीत. ‘जागेचा दोष नाही. उजेड पुरेसा होता. दोष माझ्या कामात असणार.’

भाऊसाहेब, उजेड पुरेसा नव्हता रे. हे खोटं तू माझ्या भरवशावर लिहिलंस.

मी त्याच्या खाली लिहिलं. तुझ्या वहीत लिहिल्याबद्दल रागावू नकोस. ‘रविवारचा एक तास आणि गुरुवारची सकाळ सोडली तर फरश्या झाकलेल्या होत्या. खिडकीला पडदा होता. झाकणारी मी, दवाखान्यातली मावशी. यात या मुलाची काही चूक नाही.’ खाली सही केली. मग ती वही घेऊन तुझ्या सरांकडं गेले, नगरला. माणूस चांगला. खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “आजी, तुमचं खरं असेल. पण झाकलं नसतं तर चाललंच असतं असंही नाही सांगता येत. ते पुन्हा करूनच बघावं लागेल.”

“मंग करा की.”

“करणारा कोण आहे आता?”

उठून आले. येताना बसमधे माझ्या मनात एकच, की मी तुझी चूक पुसायला गेले होते आणि माझीही पक्की झाली नाही. आता जन्मभर हेच. कदाचित चाललं असतं. कदाचित नसतं. आणि जर चाललं असतं, तर त्या महिन्यांत त्या ओट्यावर जी बाळं ठेवली, त्यातल्या दोघांची बेंबी पिकली होती. बरी झाली दोन्ही, पण पिकली होती. ती मोजणी मी रोज करते. तुझ्यापुढं नाही लपवत.

कापड मी फाडलं. चिंध्या करून चुलीत घातलं. पडदा काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, “ही खिडकी आता उघडी ऱ्हाईल. काढायचं तर मला काढा.” बाईंनी मला काढलं नाही. बाळंतिणींच्या आया भांडतात माझ्याशी. परवा एक म्हातारी म्हणाली, “काय बाई हाय, वल्या बाळंतिणीला वाऱ्यात टाकती!” मी म्हटलं, “पांघरूण दोन घे, कानाला बांध, पर खिडकीला हात लावायचा न्हाई.” माझ्याच तोंडून तुझं सांगणं निघालं, उजेड येऊ द्या म्हणून. जिंकलास तू. पण जिंकल्याचं तोंड बघायला नाहीस.

सकाळी आठपासून ऊन येतं आता ओट्यावर, सरळ. डाव्या बाजूवर आणि उजव्या बाजूवर सारखंच. मी रोज समोर उभी राहून बघते. मला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, भाऊसाहेब. स्वच्छ दिसतात. त्याच्या पलीकडचं बघायची नजर तू मला पुरती दिली नाहीस, काड्या आणि ताटल्या घेऊन गेलास. एक ताटली तरी ठेवून जायचं होतंस.

तर एक कर. ये. मला माहीत आहे काय लिहितेय ते, मी काही भ्रमात नाही, माणूस गेला की गेला हे मी शंभरदा लोकांना सांगितलंय. तरी ये. मला बोल, ओरड, भाकरी खाऊ नकोस हवं तर. पण एकदा त्या दोन बाजूंवरनं काडी फिरवून जा आणि मला काय ते सांग. आणि या वेळेला गुरुवार धरू नकोस, घंटी वाजवू नकोस. न कळवता, कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळेला सरळ आत ये आणि बघ. लवकर ये, बाळा. पुढच्या आठवड्यात दोन बाळंतपणं आहेत.